सव्वा सेकंदाचा भाऊ

भाऊबीजेच्या संध्याकाळी शाल्मली गच्चीवर सोसायटीच्या दिव्यांच्या माळांचा कंट्रोलर लावत होती. समोर बीजेची कोर होती आणि चंद्राच्या अंधाऱ्या भागात तिथेच राहणाऱ्या तिच्या भावाने, श्रीरंगने, मांडलेले दिवे लागणार होते. दोन्हीकडचे दिवे एकदम लागायला हवे होते, पण तिथला उजेड पोचायला सव्वा सेकंद लागायचा. कोर तर मावळतीला आली होती.

"लहानपणापासून उशिराच येतो मेला!" शेजारच्या पेठेकाकू म्हणाल्या.

"मग आपणच थांबू," म्हणत शाल्मलीने आपल्या माळा सव्वा सेकंद मागे लावल्या. गच्ची आणि चंद्र एकदम उजळले. टाळ्या पडल्या. तिने तबक उचललं.

"आधी चंद्राला ओवाळ, मग भावाला," काकूंनी बजावलं.

"यंदा एकदाच ओवाळलं तरी चालेल, काकू."