तिचा वार

गोदाकाठी अप्पांच्या दहाव्याचा पिंड ठेवला होता, पण बाभळीवरचा कावळा काही केल्या खाली उतरेना. "दादा, बोअरचं काम म्या पुरं करतो," काका म्हणाले. "गाय इकणार न्हाई," आई म्हणाली. कावळा ढिम्म हलला नाही.

मातीला पोचू न शकलेली अप्पांची लेक पूनम मागे उभी होती. लंडनला शिकताना तिचं मन फार थकलं, तेव्हा समुपदेशक बाईंच्या सल्ल्याने तिने घरी सांगून टाकलं होतं, फोन फक्त रविवारी करायचा. तिला बरं वाटू लागलं. अप्पांनी तो नियम एकदाही मोडला नाही. त्या शनिवारी छातीत कळा येत होत्या तरी म्हणाले, "उद्या पूनमचा वार हाय, मंग सांगू." रात्रीच गेले.

आत्याने तिला पुढे केलं. "तू बोल. तुझ्यात जीव होता त्याचा."

पूनमने हात जोडले. "अप्पा, आता कधीही बोला. मी ऐकते."

कावळा उडाला आणि पैलतीराला गेला.

आत्या पिंडाकडे बघत म्हणाली, "आज सोमवार हाय, बाई. तुझा वार कालच होऊन गेला."