हितचिंतकाचा लेख

सुलाबाईंच्या पत्राला आकाराम सरांनी उत्तर दिले नव्हते, त्याला पाच वर्षे होत आली. पत्र बहात्तरच्या दुष्काळातले, जतहून आलेले. सोबत कराडच्या एका साप्ताहिकातले वर्षापूर्वीचे कात्रण होते: ‘मुलींची शाळा जतला कशाला?’ खाली सही, ‘एक हितचिंतक’.

पूर्वी दोघे कराडच्या हायस्कुलात शिकवत. शाळा सुटल्यावर एका बाकावर बसून मुलांसाठी असे लेख निवडत. लेखक जिथे वाचकाला फसवतो, तिथे मुलांनी तांबड्या पेन्सिलीने रेघ मारायची. बाई लेख वाचताना हसत. सर मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत, टोक असलेल्या पेन्सिलीलाही.

मग संस्थेने जतला मुलींची शाळा काढली. बाईंची मुख्याध्यापिका म्हणून नेमणूक झाली. त्याच महिन्यात तो लेख छापून आला. बाई तरीही गेल्या. सरांनी नंतर पेन्सिली आणल्या नाहीत.

कात्रणावर बाईंच्या रेघा होत्या. ‘सर्वांना ठाऊकच आहे’ याखाली लिहिले होते: सर्व म्हणजे कोण? ‘एक थोर शिक्षणतज्ज्ञ म्हणतात’ याखाली: नाव का नाही? तिकडे एक शिक्षिका आजारी पडली, म्हणजे सगळ्याच पडणार, या वाक्याला दोन रेघा. पाणी टँकरने येते, यापुढे मात्र ‘हे खरे’.

पत्रात त्यांनी लिहिले होते: ‘लेख इकडे घरोघर वाचला गेला. पहिल्या वर्षी चारच मुली आल्या. हा गृहस्थ आपल्या वर्गात असता तर नापास झाला असता. पण सर, आपण मुलांना शेवटी विचारायचो, लिहिणाऱ्याला नेमके हवे काय? तेवढे मला सापडत नाही. तुम्हाला दिसते का?’

सरांनी कितीतरी उत्तरे लिहिली आणि फाडली. कधी भाषा जड वाटे, कधी आपले धाडसच खोटे वाटे.

पोस्टमन वजीरची बहीण जतला दिली होती. त्याच्याकडूनच आज कळले की शाळेत आता साठ मुली आहेत, आणि बाई शनिवारी निवृत्त होऊन गाव सोडणार आहेत. कुठे जाणार, ते कोणाला माहीत नव्हते.

दुपारी सर पाकीट घेऊन टपालपेटीपाशी आले. हात पुढे जाईना.

“टाका की सर,” वजीर म्हणाला. “पेटी काय चावत न्हाई.”

“शनिवारच्या आत पोचेल ना?”

“पोचंल की. पर लय जाड हाय. जादा तिकीट लागंल.”

“लावलंय.”

“पाच वरसाचं एकदमच लिवलंसा व्हय?”

“नाही रे,” सर म्हणाले. “आज एकच ओळ लिहिली. बाकीचं जुनं आहे.”

त्यांनी पाकीट पेटीत सोडले.

आत चार पिवळे कागद होते: ‘मुलींची शाळा जतला कशाला?’चा मूळ मसुदा, सरांच्या अक्षरात, खाडाखोडीसकट. आणि शेवटी तांबड्या पेन्सिलीने: ‘तुम्ही कराड सोडू नये, एवढेच हवे होते.’