रस्त्याच्या बाजूची काच

शाळेच्या नव्या इमारतीत रस्त्याच्या बाजूला भिंतच नव्हती, जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच. पालकसभेत आर्किटेक्टने मोठ्या हौसेने सांगितलं होतं, "आतून मुलांना झाडं, आकाश सगळं दिसेल. बाहेरून मात्र आत कोणालाच डोकावता येणार नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात मात्र मांडीवरच राहिले.

पहिल्या दिवशी लेकीला वर्गात सोडलं आणि मी बाहेरून काचेपाशी येऊन उभी राहिले. रडत असेल का ती? डोळ्यांभोवती हात धरून, नाक टेकवून पाहिलं, तर काचेत माझाच चेहरा. शेवटी काचेवर तळहात ठेवून नुसतीच उभी राहिले.

"काय ताई, घरी आरसा नाही का?" वॉचमन हसला. मी ओशाळून हात काढला आणि निघाले.

शाळा सुटल्यावर लेक उड्या मारतच आली. "आई, तू काचेला हात लावलेलास ना, तिथेच मी पण लावला होता. बाई म्हणत होत्या, चल, आता खेळायला ये. मी म्हटलं, थांबा ना, आईने अजून हात काढला नाहीये."