कोंडवाड्यातलं घर

पारोळ्याजवळचा मोकाट गुरांचा दगडी कोंडवाडा बंद पडला, तेव्हा १९८७ साली मगन आणि प्रमिलाबाईंनी त्याचं आपलं पहिलं घर केलं. गुरांच्या पाण्याचा हौद स्वयंपाकघरात राहिला. सकाळी भरलेला हौद दुपारी कोरडा होई. सिमेंट लिंपूनही होई.

"हाई घर सोडी देऊत," मगन म्हणाला.

प्रमिलाबाईंना घर सोडवेना. त्यांनी कोंडवाड्याच्या जुन्या राखणदाराला, भिकनआबांना विचारलं.

"मालक येवाबिगर ढोर सुटे नही. एक गायना मालक उनाच नही."

मालक न आल्यानं इथेच मेलेल्या त्या गायीसाठी प्रमिलाबाईंना भरून आलं. भर दुपारी दार सताड उघडून त्या हौदाकडे पाहत म्हणाल्या, "चाल माय, मीच तुनी मालकीन. मोकळी व्हय."

हौदापासून दारापर्यंत खुरांचा संथ आवाज आला. वाट देण्यासाठी त्या बाजूला सरकल्या.

आवाज त्यांच्याकडे वळला.