उपरण्याखालचा भाव

"जागा असती तर तुला न्हाई म्हणलो असतो व्हय, गड्या?" लालासाहेब म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

साताऱ्यातलं त्यांचं गुदाम निम्मं रिकामं होतं. बहात्तरचा दुष्काळ. माल नाही तिथं माणूस कशाला? नाथाजीलाही ते दिसत होतं. तरी तो बसून राहिला, कारण लालासाहेबांनंतर बाजारातली आता एकच ओळख उरली होती.

नाथाजी सांगलीच्या हळद बाजारातला जुना माणूस. वीस वर्षं एका अडतीवर मालकाच्या वतीनं भाव ठरवायचा. तोंडानं नाही, उपरण्याखाली. घेणारा देणाऱ्याची बोटं धरून दाबायचा. जितकी बोटं तितका आकडा. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागायचा नाही. या कामात नाथाजीचा हात धरणारा कोणी नव्हता. पण गेल्या साली अडत बुडाली. मग उंब्रजला हळद दळायच्या गिरणीवर चार महिने काढले. तेही सुटलं.

"गिरणी का सोडलीस?"

"जमलं न्हाई."

त्यानं डाव्या हातानं कप उचलला. उजव्या हातावर उपरणं होतं, बाजारातली सवय. एरवी बशीत ओतून फुर्र करणारा गडी, आज कपानंच प्यायला.

"बायको कुटं हाय?"

"आटपाडीला, म्हायेरी. दुष्काळी कामावर खडी फोडती."

"मग तू बी जा की. कामाची लाज कसली रं?"

नाथाजीनं कप खाली ठेवला. लाज कधीच गुंडाळून ठेवली होती. परवा बायको, चंद्राबाई, म्हणाली होती, "आता तुमी बगा कायतरी. माज्यानं न्हाई रेटत." ते ऐकल्यापासून त्याला जीव नकोसा झाला होता.

दुसऱ्या दिवशी तो सांगलीत विष्णुपंतांच्या पेढीवर गेला. वीस वर्षं बाजारात पंत घेणारे आणि नाथाजी देणारा. भांडले खूप, फसवलं कोणीच नाही.

"अरे, ये ये. कालच तुझी आठवण काढली," पंत म्हणाले. "नोकरी हवी ना? मलाही माणूस हवाय. उद्यापासून बस."

एवढ्या सहज कोणी हो म्हणेल असं नाथाजीला वाटलं नव्हतं.

"कुटलं बी काम द्या, पंत. राखणीचं चालंल. दारात बसून पोती मोजीन."

"तुला राखणीला बसवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. तू भावालाच बसायचं."

"आवं, पण पंत..."

"पण नाही आणि बिण नाही. माझी नजर गेली आता, आकडे दिसत नाहीत. तुझ्यासारखा हात मला दुसरा मिळणार नाही."

नाथाजीनं खाली बघितलं. समोर चार गिऱ्हाइकं बसली होती. ओठावर आलेलं त्यानं गिळलं.

"आता पगाराचं ठरवू," पंत जवळ सरकले.

"तोंडानंच सांगा की."

"चारचौघांत? आणि आपण दोघं तोंडानं कधी बोललो रे?"

पंत हसले. जुन्या सवयीनं त्यांनी उपरण्याखाली हात सारला आणि नाथाजीची बोटं चाचपली. हाताला एकटा अंगठा लागला.