पाचच्या आत

"आधी बॅटरीची वायर काढ. काळी आधी," बाबा म्हणाले.

"काढली," सून बॉनेटखालून म्हणाली.

गाडीशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ते नुसतं ऐकत होते. चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, पण आता डोळ्यांपुढे सगळं धुरकट, आणि हाताला कंप इतका की पाना धरवत नाही. त्यामुळे हुकूम त्यांचे आणि हात सुनेचे, असा कारभार सकाळपासून चालला होता.

आज पाचच्या आत त्यांना आपली कॉट गाडीच्या टपावर बांधून वृद्धाश्रमात राहायला पोचायचं होतं. त्यानंतर खोली दुसऱ्याला जाणार होती. मुलगा जाऊन दोन वर्षं झाली. ही पोर दिवसभर कारखान्यात राबते आणि घरी येऊन पुन्हा आपलं दुखणंखुपणं काढते, हे त्यांना बघवत नव्हतं. जायचं त्यांनीच ठरवलं होतं. ती एकदा नको म्हणाली, दोनदा म्हणाली, मग गप्प बसली. ते गप्प बसणं त्यांना मनातून लागलं होतं.

खरं तर निघायचं होतं मागच्याच रविवारी. पण गाडी सुरूच होईना. शेजाऱ्याच्या बॅटरीवरून कशीबशी सुरू केली, तेव्हा त्यांनी सुनेला बॅटरीला मीटर लावायला सांगितला. आकडा तिनेच वाचला. साडेअकरा व्होल्ट. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास हवेत; साडेअकरा म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरने राम म्हटला, त्यात विचार कसला करायचा? "टॅक्सी करू," ते म्हणाले, तर "तुमच्या कॉटसकट?" म्हणून तिने उडवून लावलं, उतरलेली बॅटरी चार्ज करून आणली आणि नवा अल्टरनेटर मागवला.

"पट्टा सैल झाला का गं?"

"होतोय."

होतोय होतोय करत अकराचे दोन वाजले. एक बोल्ट खाली पडला, तो शोधण्यात अर्धा तास गेला. मग नव्यावर पट्टा वाकडा बसला, तो काढून पुन्हा बसवेपर्यंत पाच वाजून गेले. एरवी चटचट चालणारे तिचे हात आज भलतेच जड झाले होते. दमली असेल बिचारी, बाबांनी मनाशी म्हटलं.

सगळं जोडून झाल्यावर जुना अल्टरनेटर तिने त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पुली बोटाने फिरवून पाहिली. कुठे खरखर नाही, अडकणं नाही.

"आतून गेला असेल," ते पुटपुटले.

तेवढ्यात फोन वाजला. वृद्धाश्रमातून होता. तो ठेवून सून म्हणाली,

"सव्वापाच झाले, बाबा. खोली गेली."

बाबांनी डोळे मिटले. तिच्यासाठी एवढं एकच करायचं होतं, तेही धड जमलं नाही. आता ही आणखी किती वर्षं आपल्याला ओढणार?

"माफ कर गं पोरी. माझंच नशीब फुटकं."

तिने गाडीत बसून किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात इंजिन सुरू झालं.

"मीटर लाव. किती दाखवतोय?"

"चौदा."

"बघ! मी म्हटलं नव्हतं, अल्टरनेटरच होता?"

सुनेने काळे झालेले हात फडक्याला पुसले आणि त्यांच्या खुर्चीशेजारी खाली फरशीवरच बसकण मारली.

"मागच्या रविवारीही चौदाच होते, बाबा."