आग्रहाची लिफ्ट

उचगावच्या फाट्यावर उन्हात उभ्या असलेल्या एका आजोबांना प्रसेनजीतनं आग्रहानं गाडीवर घेतलं.

"कोल्हापुरात कुणाकडं जायचंय?"

"बघू की," आजोबा म्हणाले.

वाटेत चाक पंक्चर झालं. आजोबांनी दुकानापर्यंत मागून गाडी ढकलली, वर चहाही पाजला. ओशाळलेल्या प्रसेनजीतनं त्यांना स्टँडवर सोडलं. आता हे जातायत तरी कुठं, म्हणून तो बघत थांबला, तर आजोबा उचगावच्याच बसमध्ये चढायला लागले.

"अवो आजोबा, ही बस माघारी जाती!"

"व्हय की. माझं घर त्या फाट्यावरच हाय."

"मग आलासा कशाला?"

आजोबा पायरीवर थांबले. "म्हातारी गेल्यापास्नं मला कुणी 'चला' म्हटलंच न्हवतं, बाळा."